टपालवालीच्या पायातला खळगा

१

जखम शर्टाच्या बटणाएवढीच होती, पण नेमकी नको तिथे झाली होती. नडगीचे हाड जिथे संपते, त्या टोकावर. बुधवारी दुपारी टपालवाली कृत्रिम पायांच्या केंद्रात आली, नवा पाय काढून टेबलावर ठेवला, आतला मोजा उलटा केला आणि त्यावरचा लाल डाग सगळ्यांना दिसेल असा धरला. तिने आवाज चढवला नाही.

"हा माझा पाय नाही," ती म्हणाली. "माझ्या पायात इथे खळगा असतो."

तिचे म्हणणे खरे होते. डावा पाय गुडघ्याखाली गेल्यापासून केंद्राने तिला चार पाय करून दिले होते. पहिले तीन टोचले. चौथ्या वेळी आराखडे काढणाऱ्या माईंनी सॉकेटमध्ये, म्हणजे उरलेला पाय ज्या वाटीत बसतो तिच्यात, हाडाच्या टोकासमोर चार मिलिमीटरचा खळगा ठेवला आणि तो पाय बसला. असा बसला की टपालवाली सहा वर्षे रोज नऊ किलोमीटरची फेरी करत राहिली. गेल्या आठवड्यात त्याला तडा गेला. पाचव्या पायासाठी नवीन काही शोधायचे नव्हते. चौथ्याची फाइल कॉम्प्युटरवर होती. तिच्यावरून मशीन फोमचा ठोकळा कोरणार आणि त्या ठोकळ्यावर नवी वाटी घडवायची, एवढेच काम.

तेवढेच केले होते. आता जखम पाहून फाइल उघडली, तर तिच्यात खळगा नव्हता.

पुढच्या बुधवारी टपालवालीची चालण्याची चाचणी होती. खात्याच्या डॉक्टरसमोर पिशवी खांद्याला लावून तीन किलोमीटर. नर्स म्हणाली, जखम चार-पाच दिवसांत भरेल, पण हाच पाय घातला तर पहिल्याच दिवशी पुन्हा फुटेल. चाचणी हुकली की तिला पत्रे छाटायच्या टेबलावर बसवणार होते, कायमचे. केंद्राचे साहेब समजुतीच्या सुरात म्हणाले, बसून काम करण्यात तसे वाईट काही नाही.

"मग तुम्ही बसा," टपालवाली म्हणाली.

फाइल कधी बदलली, याची नोंद नव्या प्रोग्राममध्ये होती. शुक्रवारी संध्याकाळी आराखड्यांचा जुना प्रोग्राम काढून त्याची नवी आवृत्ती बसवली होती. फाइल बदलली शनिवारी सकाळी अकरा पस्तीसला. कुणाच्या नावाने आणि कुणाच्या पासवर्डने, तेही स्पष्ट होते. माईंच्या.

आणि गेले तीन महिने नव्या प्रोग्रामला केंद्रात एकाच माणसाचा विरोध होता. तोही माईंचा.

साहेबांनी माईंना त्यांच्या खुर्चीवरून उठवून नोंदवहीच्या टेबलावर बसवले, त्यांच्या मशीनला कुणी हात लावू नये म्हणून बजावले आणि मुख्य कार्यालयाला लगेच ईमेलने पत्र धाडले. एका पानाच्या त्या पत्रात माईंचे नाव सात वेळा होते.

२

तपासनीस बाई गुरुवारी सकाळी पोचल्या. या महिन्यातले हे त्यांचे चौथे केंद्र. सगळीकडे नवा प्रोग्राम बसत होता आणि सगळीकडून तक्रारी येत होत्या. कुठे रेघा जाड दिसतात, कुठे अक्षरे बारीक, कुठे जुनी फाइल उघडायला वेळ लागतो. पाठ दुखेपर्यंत प्रवास करायचा, ऐकून घ्यायचे, कागद भरायचा, पुढच्या गाडीला बसायचे. बाईंचा आवाज मुळातच हळू, त्यामुळे लोकांना त्यांच्याशी बोलताना पुढे वाकावे लागे, आणि पुढे वाकलेला माणूस, का कोण जाणे, थोडे जास्त सांगून जाई. दुपारी बारा ते एक त्या बोलत नसत. आजारी असोत की प्रवासात, वर्षानुवर्षांचा नेम होता. का, हे त्यांनी कुणाला सांगितले नव्हते, आणि त्यांच्याकडे पाहून कुणी विचारतही नसे.

आधी त्या टपालवालीला भेटल्या. ती कुबड्या टेकून दाराशी बसली होती. जुना पाय शेवटपर्यंत अंगावरच होता, ती म्हणाली. तडा गेल्यावर सायकलच्या ट्यूबने आवळून मंगळवारपर्यंत त्याच्यावरच फेरी केली, आणि नवा घालायच्या क्षणीच तो काढला. तो जुना आता कुठे आहे, असे बाईंनी विचारले. नियमाप्रमाणे नवा दिला की जुना फोडून टाकतात, साहेबांनी मध्येच सांगितले. कुणी वापरू नये म्हणून.

मग माई. पन्नाशी ओलांडलेल्या, चष्मा दोरीला, बोलणे सरळ. शनिवारी त्या घरी होत्या. साक्षीला अंथरुणाला खिळलेली आई, आणि तिला वार आठवत नाही.

"मी विरोध केला, हे खरंय," माई म्हणाल्या. "बावीस वर्षं एका प्रोग्रामवर हात बसलाय. पण विरोध प्रोग्रामला होता, त्या पोरीच्या पायाला नव्हता. तीन पाय टोचले तेव्हा ती माझ्यासमोर रडलीय हो."

"सोमवारी हिची फाइल तुम्हीच कोरायला पाठवलीत?"

"पाठवली."

"उघडून पाहिलीत?"

"नाही. यादीतूनच पाठवली. त्या नव्या पडद्याकडे बघायची इच्छा नव्हती. ते मात्र माझं चुकलं."

बाईंनी माईंचे टेबल पाहिले. खुर्चीवर शिवलेली उशी, काचेखाली पायांची मापे, आणि जुनाच कीबोर्ड. तो माईंनी हट्टाने बदलू दिला नव्हता. वापराने अक्षरे पुसट झाली होती, पण अगदी वरच्या रांगेतले सहावे बटण तर पार गुळगुळीत, त्यावर काही छापले होते की नाही तेही कळू नये. खणात पासवर्डची चिठ्ठी होती. चिठ्ठीच्या एका कोपऱ्याला खडूसारखे पांढरे लागले होते.

"ही चिठ्ठी तुम्हाला लागते?"

"पासवर्ड आईच्या नावाचा आहे. तो कसा विसरेन? सुरुवातीला लिहून ठेवला, तेव्हापासून ती तिथेच पडलीय."

बाईंनी चिठ्ठी होती तशी ठेवून खण लावला. वर्षानुवर्षे न हाललेल्या चिठ्ठीवर धूळ असायला हवी होती. डाग होता तिथे नव्हती.

३

प्रोग्राम बसवणारा इंजिनिअर अजून केंद्रातच होता. पस्तिशीचा असेल, डोळ्यांखाली काळे. महिन्याभरात अकरा केंद्रे उरकली होती आणि प्रत्येक ठिकाणी त्याने शिव्याच खाल्ल्या होत्या. सगळ्यांचे एकच, तो म्हणाला: नवीन हवे, पण जुन्यासारखे हवे. म्हणजे नव्या घरात जायचे आणि अंधारात दिव्याचे बटण मात्र जुन्याच जागी सापडले पाहिजे.

"आणि सापडतं की नाही?" बाईंनी विचारले.

सापडते, तो अभिमानाने म्हणाला, आणि त्याने कागद दाखवला. मुख्य कार्यालयाचा छापील तक्ता: 'आपण वापरत असलेल्या सुविधांची यादी'. माईंनी सुवाच्य अक्षरात एकतीस ओळी भरल्या होत्या. पडद्यावरचे प्रत्येक चित्र, प्रत्येक पट्टी, रंगसुद्धा, त्याने जुन्या जागी जसेच्या तसे बसवले होते. सहाशे बारा जुन्या फायली नव्या रूपात आणल्या होत्या. एकीनेही उघडायला नकार दिला नव्हता.

"एकतीसच्या एकतीस दिलं, मॅडम. तरी म्हणतात नवा प्रोग्राम खातो. साच्यांचं काम करणारे प्लास्टरदादा तर सगळीकडे सांगत फिरतायत, प्रोग्रामनंच खळगा खाल्ला म्हणून. मग बाकीच्या सहाशे अकरा का नाही खाल्ल्या?"

प्रश्न रास्त होता. बाईंनी तो मनाशी ठेवला.

शनिवारी तो इथेच होता, पण अकरा ते बारा जेवायला बाहेर गेला होता. आराखड्यांची खोली उघडी होती. साहेब वरच्या मजल्यावर बैठकीत, प्लास्टरखाना अर्धा दिवस चालू, बाकी कुणी नाही. नोंदीत नाव उमटते, चेहरा उमटत नाही, एवढे त्याने स्वतःहून कबूल केले.

"माईंच्या शेजारी तुम्ही किती वेळ बसलात?"

"शेजारी?" त्याला प्रश्न समजला नाही. "यादी घेतली ना. बसायला वेळ कुठला? दोन दिवसांत एक केंद्र असतं."

"बरं. खळगा असलेली जुनी फाइल तुमच्याकडे आहे?"

तो टेबलाच्या कडेवरचा रंग नखाने खरवडत राहिला. मग जे सांगितले ते थोडक्यात असे: डिस्कवर जागा पुरत नव्हती. फायली नव्या रूपात आल्या, उघडून पाहिल्या, सगळ्या ठीक होत्या. मग मूळच्या पुसल्या. जपून ठेवलेली प्रत घेतली ती सोमवारी. म्हणजे शनिवारनंतर.

टपालवालीचा खळगा आता जगात कुठल्याच कॉम्प्युटरवर नव्हता.

४

साहेबांना त्यात सोपा मार्ग दिसला. खळगा माईंनी आखला होता, माईंनीच पुन्हा आखावा. माईंनी नकारार्थी मान हलवली. खळगा आखता येईल. पण तो एकटा नव्हता. त्याच्या भोवतीचे चढ-उतार तीन फसलेल्या पायांनंतर, तिला दहा-दहा वेळा उभी करून, थोडे थोडे करत जमवलेले. ते आठवणीतून कसे आणायचे? पुन्हा जमवायचे तर दोन महिने. बुधवारला उरले होते सहा दिवस.

"तोडलंच असेल हिनं, तर आता जोडायला का कचरते ते कळतंय," साहेब म्हणाले. साहेब तसे दुष्ट नव्हते. त्यांना फक्त हे प्रकरण कुणाच्या तरी अंगावर टाकून मोकळे व्हायचे होते, आणि माईंचे अंग जवळ होते.

बाईंनी इंजिनिअरला त्याच्या मशीनवर दोन फायली शेजारी-शेजारी उघडायला सांगितल्या. एक टपालवालीची, दुसरी कुणा निवृत्त मास्तरांची, न बदललेली. आणि माईंना विचारले, तुमचा हात ओळखायची काही खूण असते का?

असते, माई म्हणाल्या. प्रत्येक वाटीच्या वरच्या काठाला, पुढच्या बाजूला, मसुराच्या दाण्याएवढा खड्डा. पुढचे-मागचे चुकू नये म्हणून. त्याने पायाला काही होत नाही.

मास्तरांच्या फाइलमध्ये दाणा ठळक होता. टपालवालीच्या फाइलमध्ये तो शोधावा लागला. होता, पण आहे-नाहीसा. काठही ढिला, उतारही मऊ. बाईंनी पडद्याकडे बराच वेळ पाहिले. त्यांना न्हाणीघरातल्या साबणाची वडी आठवली. नवी असताना तिच्यावरचे नाव वाचता येते, चार दिवसांनी नुसता उंचवटा उरतो.

"ज्याला टपालवालीला त्रास द्यायचाय," त्या हळूच म्हणाल्या, आणि सगळे पुढे वाकले, "तो खळगा बुजवेल. मसुराच्या दाण्याशी त्याचं काय वैर? काठाशी काय? इथे कुणी काही काढलेलं नाही. सगळ्या वाटीवरून सारखाच हात फिरलाय. ही झिजलीय."

"फाइल झिजते?" साहेबांनी विचारले.

घड्याळात बाराला दोन मिनिटे होती. बाईंनी पर्स उचलली आणि प्लास्टरखान्याकडे निघाल्या. उत्तर द्यायला आता वेळ नव्हता.

५

प्लास्टरखाना म्हणजे लांबट खोली. खिडकीच्या काचेपासून चहाच्या कपापर्यंत सगळ्यावर पांढरी पूड. प्लास्टरदादा केंद्रातले सर्वांत जुने, माईंच्याही आधीचे. कॉम्प्युटर येण्यापूर्वी सगळे साचे तेच हाताने काढत. आता मशीन ठोकळा कोरून देते, दादा त्यावर तापवलेला प्लास्टिकचा पत्रा चढवतात, कड घासतात, आत अस्तर लावतात. साचा उचलण्यापूर्वी ते त्यावर लाकडी हातोडीने तीनदा टकटक करत. साचा सुटायला एक ठोकाही पुरतो. पण ज्याने त्यांना काम शिकवले तो तीन मारत असे.

बाई आत आल्या, नमस्कार केला आणि स्टुलावर बसल्या. दादांनी त्यांना काय हवे ते विचारले. बाई नुसत्या हसल्या. घड्याळाकडे बोट केले, मग ओठांवर.

न बोलणाऱ्या माणसासमोर गप्प बसणे फार थोड्यांना जमते. दादा बोलू लागले. आधी काम शिकवणाऱ्या गुरूच्या तीन ठोक्यांचे कौतुक केले, नव्या प्रोग्रामला नावे ठेवली. मग टपालवालीविषयी सांगितले, पहिल्यांदा आली तेव्हा जिना बसून-बसून चढली होती ते. मग माईंवर आले. माईंसारखी बाई होणे नाही, तिच्यावर असला आळ म्हणजे चोर सोडून संन्याशाला फाशी.

बाई खोली पाहत होत्या. वरच्या फळीवर जुन्या चादरीत काहीतरी गुंडाळून मागे सारलेले. खालच्या फळीवर अस्तरांच्या घड्या, एकेकीला चिठ्ठी टाचलेली, चिठ्ठीवर पेन्सिलने माणसाची ओळख, माप आणि ते कापल्याचा वार. दादांचा शिरस्ताच तो. 'टपाल' लिहिलेली एक चिठ्ठी होती. नवीन पायासाठी कापलेल्या अस्तरातून उरलेला तुकडा.

वार शनिवार.

बाईंनी तो तुकडा उचलून दादांसमोर ठेवला आणि वारावर बोट ठेवले. काही बोलल्या नाहीत. बोलायचे म्हटले तरी बोलता आले नसते.

दादांनी तुकड्याकडे पाहिले. त्यांना हिशेब कळायला वेळ लागला नाही. पाय कोरला गेला सोमवारी. जुना पाय मंगळवारपर्यंत टपालवालीच्या अंगावर. मापे फक्त फाइलीत. मग शनिवारी अस्तर कुठल्या मापाने कापले?

ते खाली बसले. पिठाच्या गोणीसारखे, एकदम.

"मीच उघडली होती," ते म्हणाले. "तिला लवकर पाय मिळावा म्हणून. अस्तर आधी कापून ठेवलं तर एक दिवस वाचतो. माई नव्हती, चिठ्ठी खणात असते ते ठाऊक होतं. वरचा घेर तेवढा वाचला आणि बंद केली. काही म्हणजे काही बदललं नाही हो. मला बदलता येतं कुठे? दुसऱ्याचा पासवर्ड वापरला म्हणून नोकरी जाईल, पुढच्या वर्षी मी निवृत्त होणार आहे, म्हणून गप्प राहिलो. पण खळगा मी नाही काढला. आईशप्पथ."

बाईंनी पर्समधून कागद काढला आणि लिहिले: 'उघडल्यापासून बंद करेपर्यंत काय काय केलंत, बारीकसारीक सांगा.'

दादांनी वाचले. "माई करते तसंच केलं सगळं. तिच्या मागे उभं राहून बावीस वर्षं बघतोय. पासवर्ड टाकला. नावावर दोनदा दाबलं. पाय आला. मग ते वरचं बटण तीनदा. मग घेर वाचला. मग बंद करताना तो विचारतो, त्याला 'हो' म्हटलं."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली. मग पुन्हा उचलली: 'कशाला तीनदा?'

दादांना नवल वाटले. "कशाला म्हणजे? माई तीनदा दाबते."

६

एक वाजून गेल्यावर सगळे आराखड्यांच्या खोलीत जमले. बाईंनी मास्तरांच्या फाइलची एक वेगळी प्रत करायला लावली, टाकून द्यायची. मग माईंना त्यांच्या उशीच्या खुर्चीवर बसवले.

"रोज उघडता तशी उघडा, काठाचं माप वाचा आणि बंद करा," त्या म्हणाल्या. बाकीच्यांना सांगितले, "पडद्याकडे कुणी बघू नका. हाताकडे बघा."

माईंनी पासवर्ड टाकला. फाइल उघडली. आणि मग, पाय पडद्यावर येतो न येतो तोच, डाव्या हाताचे बोट वर गेले आणि त्या गुळगुळीत झालेल्या बटणावर तीनदा पडले. टक टक टक. माईंनी काठाचे माप वाचून दाखवले, फाइल बंद केली. प्रोग्रामने विचारले, बदल ठेवायचे? माईंच्या बोटाने 'हो' म्हटले.

"ते वरचं बटण कशासाठी दाबलंत?"

"कुठलं बटण?" माई म्हणाल्या.

खोलीत कुणी हसले नाही. त्या खरेच विचारत होत्या.

बाईंनी फाइल पुन्हा उघडायला सांगितली. मास्तरांच्या वाटीवरचा मसुराचा दाणा पुसट झाला होता. काठ मऊ झाला होता.

मग इंजिनिअर बोलू लागला, स्वतःशी बोलावे तसा. जुन्या प्रोग्राममध्ये ते बटण चित्र पुन्हा रेखायचे. नुसते दाखवायचे काम, फाइलला धक्का नाही. नव्या आवृत्तीत त्याच बटणाला वेगळे काम दिले आहे: पृष्ठभाग गुळगुळीत करणे. एकदा दाबले की थोडा, तीनदा दाबले की बराच. उंचवटे बसतात, खळगे भरतात.

आता माईंना आठवले. बावीस वर्षांपूर्वीचा कॉम्प्युटर इतका मंद होता की चित्र अर्धवट यायचे. बटण एकदा दाबले की पाऊण, दुसऱ्यांदा बहुतेक, तिसऱ्यांदा पूर्ण. मशीन बदलले, चित्र एका झटक्यात यायला लागले, पण बोट थांबले नाही. आणि जुना प्रोग्राम, काही केले असो वा नसो, बंद करताना दर वेळी तेच विचारायचा. म्हणून 'हो'सुद्धा हातातच होते.

"म्हणून सहाशे अकरा वाचल्या," बाई इंजिनिअरला म्हणाल्या. "तुम्ही उघडल्यात, पण तुमच्या हाताला ती सवय नाही. माई सोमवारपासून रागाने एकही उघडत नव्हत्या. शनिवारी दादांनी मात्र एक उघडली, आणि माईंचं बघून अंगवळणी पडलेलं सगळं मनोभावे केलं. तीनदा. आणि शेवटी हो."

दादा भिंतीला टेकले होते. त्यांनी सगळ्यांसमोर सांगितले की फाइल उघडणारा मीच, माईंवरचा आळ काढा आणि जे करायचे ते माझे करा. 

"आता हे माहीत होऊन माझ्या पायाचं काय?" दारातून टपालवाली म्हणाली. ती केव्हा येऊन उभी राहिली होती, कुणाला कळले नव्हते. "चूक सापडली. खळगा सापडला का?"

बाईंनी दादांकडे पाहिले. "दादा, तुम्ही चिठ्ठीवरचा वार पुसत नाही, तीन ठोक्यांचे दोन करत नाही. नवा पाय दिल्या दिवशी जुना फोडायचा हा नियम साहेबांचा आहे. तुमच्या गुरूंचा काय होता?"

दादा भिंतीपासून सरळ झाले. मग म्हणाले, "नव्या पायावर कातडी आठ दिवस शाबूत राहील, तेव्हा जुना फोडायचा. तोवर नाही."

"वरच्या फळीवर, चादरीत?"

दादा धावले असे म्हणता येणार नाही, त्यांचे वय नव्हते ते. पण गेले आणि आले. चादरीतून तडा गेलेला चौथा पाय निघाला, सायकलच्या ट्यूबसकट. माईंनी आत बोट घातले. डोळे मिटून चाचपले. मग बोट तिथेच ठेवून त्यांनी होकारार्थी मान हलवली.

त्या दुपारी दादांनी तडा आतून पट्टीने मिटवला आणि वाटीत प्लास्टर ओतले, वीस वर्षांत ओतले नव्हते तसे. साचा सुटल्यावर माईंनी माप घेणाऱ्या कांडीने तो पडद्यावर उतरवला. चढ, उतार, खळगा, मसूर, सगळे. माईंच्या शेजारी स्टुलावर इंजिनिअर वही घेऊन बसला होता. साहेबांनी त्याला विचारले, आता काय लिहितोस? तो म्हणाला, हात बघतोय.

तपासनीस बाईंनी रात्रीची गाडी सोडून दिली आणि कागद भरायला घेतला. सगळे रकाने भरले. शेवटचा होता: 'जबाबदार व्यक्तीचे नाव'. दादांनी दुसऱ्याचा पासवर्ड वापरला होता, तो वेगळ्या रकान्यात गेला, ताकीद पुरे असे शेजारी लिहून. खळगा मात्र त्यांनी घालवला नव्हता. मागितलेले सगळे इंजिनिअरने दिले होते. विचारलेले सगळे माईंनी लिहिले होते. मग चुकले काय? विचारले तेच चुकले. आपण काय काय वापरता, असे माणसाला विचारले तर तो माहीत असलेलेच सांगणार. अंगवळणी पडलेले यादीत कसे येईल?

तो छापील तक्ता तीन वर्षांपूर्वी कार्यालयात बसून कुणी तयार केला, हे बाईंना पक्के ठाऊक होते. त्यांनी रकान्यात स्वतःचे नाव लिहिले, खाली सही केली आणि पाकीट बंद केले.

पुढच्या गुरुवारी त्या अजून तिथेच होत्या. यादीचा नवा तक्ता तयार करत होत्या, इंजिनिअरच्या वहीवरून. वहीत माईंच्या बोटांनी एकतीस ओळींखाली आणखी नऊ भरल्या होत्या. दुपारचे बारा वाजून गेले होते. बाहेर जिन्यावर पावले वाजली. एक जड, एक हलके, असे नव्हते. सारखी होती.

टपालवाली गणवेशात आत आली, खांद्यावर पिशवी. टेबलावर केंद्राचे टपाल ठेवले आणि एक नोंदणीचे पाकीट बाईंसमोर सरकवले. मुख्य कार्यालयाचा शिक्का होता. ते रकान्यातल्या नावाबद्दल असणार, हे न उघडता कळत होते.

"इथे सही," टपालवाली म्हणाली.

बाईंनी सही केली. मग तिच्या पायाकडे पाहिले आणि वर तिच्या तोंडाकडे. एक वाजायला अजून चाळीस मिनिटे होती.

"काल झाली चाचणी," टपालवाली म्हणाली. "डॉक्टरांना धाप लागली. म्हणाले, तुम्ही चालत राहा, मी इथेच उभा राहतो." तिने पिशवी नीट केली. "निघते. अजून अर्धी फेरी बाकी आहे."

बाईंनी पाकीट तसेच बाजूला ठेवले आणि जिना उतरणारी पावले दरवाज्यापर्यंत ऐकली.